तोल सांभाळणारा कान

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सोलापूरहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तुमच्यापैकी अनेकजण मुंबईला गेले असतील. साइडचा बर्थ मिळालेला असतो. अंथरूण टाकायचे, दिवा मालवायचा आणि कुर्डुवाडी यायच्या आत झोपी जायचे. मध्येच केव्हातरी जाग येते. खिडकी बंद, डब्यात अंधार. गाडी चांगल्या वेगात आहे हे चाकांच्या आवाजावरून कळते. अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. गाडी आपल्या डोक्याच्या दिशेने चालली आहे, की पायांच्या?

बराच विचार केला तरी नेमके सांगता येत नाही. मग एखादे स्टेशन जवळ येते, ब्रेक लागतात, अंग किंचित पायांकडे ढकलले जाते आणि लगेच उलगडा होतो, की आपले पाय पुढे आहेत. म्हणजे गंमत बघा. गाडी ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने धावत होती तेव्हा शरीराला काही कळले नाही. वेग कमी होऊ लागला, तेव्हा कळले.

याहून मोठे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या पायाखालीच आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिच्याबरोबर सोलापूरही फिरते. आपल्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १५९० किलोमीटर भरतो. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर या वेगाने धावते आहे, ते वेगळेच. तुम्ही आरामखुर्चीत बसून चहा पीत आहात आणि कपातला चहा हिंदकळतसुद्धा नाही! वेग प्रचंड आहे, पण तो एकसारखा आहे. आणि पृथ्वीचे फिरणे तासाला १५ अंश, इतके संथ आहे, की ते जाणवावे असे कोणतेही इंद्रिय आपल्याजवळ नाही.

आजच्या भाषणाचा मुद्दा एवढाच आहे. माणसाच्या शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. वेग वाढला, कमी झाला किंवा त्याची दिशा बदलली, की कळते. या बदलाच्या दराला शाळेच्या पुस्तकात आपण ‘त्वरण’ म्हणायला शिकलो. हे त्वरण मोजणारे यंत्र आपल्या प्रत्येकाजवळ जन्मापासून आहे, आणि ते आहे कानात. कान म्हणजे ऐकण्याचे इंद्रिय एवढेच आपण पंचेंद्रियांच्या यादीत घोकलेले असते. पण तोच कान तोलही सांभाळतो. हे यंत्र बिघडले म्हणजे काय होते आणि ते न कळल्यामुळे माणसे किती हाल सोसतात, हे मी माझ्या घरातच पाहिले आहे. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी यंत्र समजून घेऊ.

मंगळागौरीला किंवा नागपंचमीला मुली फुगडी घालतात. दोघींनी हात घट्ट धरायचे, पाय जुळवायचे, मागे झुकायचे आणि गरगर फिरायचे. फुगडी चालू असताना फारसा त्रास होत नाही. ती थांबली, की खरी मजा सुरू होते. पाय जमिनीवर, अंग स्थिर, आणि भिंती मात्र फिरतच असतात. असे का होते?

स्वयंपाकघरात एक साधा प्रयोग करा. पसरट पातेल्यात पाणी घ्या आणि त्यावर चिमूटभर हळद भुरभुरवा. आता पातेले हळूच गोल फिरवा. सुरुवातीला पातेले फिरते, पण हळद जागच्या जागी राहते. पाणी मागे पडते. पातेले फिरवतच राहिलात, तर थोड्या वेळाने पाणीही त्याच्याबरोबर फिरू लागते. आता पातेले एकदम थांबवा. पातेले थांबले तरी पाणी फिरतच राहते.

नेमके हेच आपल्या कानात घडते. कानाच्या पडद्याच्या बऱ्याच आत, कवटीतल्या अतिशय टणक हाडात कोरून काढल्यासारख्या तीन बारीक नळ्या असतात. त्यांना अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात. एकेक वेटोळे इतके लहान, की हरभऱ्याच्या दाण्याला जेमतेम वेढा पडावा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींशी काटकोनात मिळतात, साधारण तशीच या तिघींची मांडणी असते. त्यामुळे ‘हो’ म्हणून मान हलवा, ‘नाही’ म्हणून हलवा, की कान खांद्याकडे झुकवा, प्रत्येक वळणाची दखल घेणारी नळी तयार असते.

या नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. प्रत्येक नळीच्या एका फुगीर भागात जेलीसारखा लवचिक पडदा आडवा बसवलेला असतो आणि त्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी रोवलेल्या असतात. डोके वळले, की नळी वळते आणि द्रव मागे पडतो. तो पडद्याला ढकलतो, केस वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूला निरोप जातो. केस एका बाजूला वाकले तर निरोपांची गती वाढते, दुसऱ्या बाजूला वाकले तर कमी होते. डाव्या कानात गती वाढली, की उजव्या कानातल्या जोडीच्या नळीत ती घटते. दोन्हींचा मेळ घालून मेंदू ठरवतो, की आपण कोणत्या बाजूला आणि किती जोरात वळलो.

आता पुन्हा फुगडीकडे या. सुरुवातीला द्रव मागे पडतो, म्हणून फिरल्याची जाणीव होते. एकाच वेगाने अर्धा मिनिट फिरत राहिलो, तर द्रवही आपल्याबरोबर फिरू लागतो, पडदा सरळ होतो आणि फिरल्याची जाणीव ओसरते. फुगडी थांबली, की द्रव पुढे धावत राहतो आणि पडदा उलट्या बाजूला वाकतो. कान खोटाच निरोप पाठवतो, की आपण आता विरुद्ध दिशेने फिरतो आहोत. मेंदूचा कानावर विश्वास! तो त्यानुसार डोळे हलवतो आणि भिंती फिरताना दिसतात. फुगडी घालणाऱ्या मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत असतात, त्यातही शहाणपण आहे. सभोवतालचे सारे फिरत असताना समोरच्या मैत्रिणीचा चेहरा तेवढा स्थिर असतो. कथ्थक नर्तकांनाही गुरू शिकवतात, की चक्कर घेताना नजर एका ठिकाणी रोखून धरा आणि शेवटच्या क्षणी मान झटकन फिरवून पुन्हा तिथेच आणा.

हे झाले वळण्याचे. पण पुढे-मागे, वर-खाली जाण्याचे काय? त्यासाठी आपल्याला संक्रांतीच्या गड्ड्यावर जायला हवे.

सिद्धेश्वर यात्रेतला आकाशपाळणा कोण विसरेल? पाळणा सर्वांत वर पोचतो, पंचकट्टा, किल्ला, तळे, सारे दिसते न दिसते तोच खाली यायला लागतो आणि पोटात गोळा येतो. क्षणभर आपण हलके होतो. तळाशी आलो, की उलट बूड पाळण्यात रुतल्यासारखे वाटते. हा हलकेपणा आणि जडपणा सांगणारी दोन छोटी कोष्ठे त्या तीन नळ्यांच्या मुळाशी असतात. त्यांतही केसांच्या पेशी आहेत आणि त्यांवर जेलीचा थर आहे. पण या थरावर वजन ठेवलेले आहे. चक्क दगडांचे!

हे दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे कण. आपल्या जुन्या घरांत जी शहाबादी फरशी असते, ती चुनखडकाची. तिचे मुख्य द्रव्य तेच या कणांचे. आकार म्हणाल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. बस एकदम पुढे निघाली, की हे कण जडत्वाने मागे राहतात, खालचे केस मागे वाकतात आणि आपल्याला धक्का कळतो. डोके कलले, की गुरुत्वाकर्षणाने कण उताराकडे सरकू पाहतात आणि डोके तिरपे झाल्याचे कळते. पाळणा वरून खाली येऊ लागला, की कणांचा भार कमी होतो आणि आपण हलके झालो असे वाटते. मराठीत ‘तोल’ या एकाच शब्दाला वजन आणि समतोल असे दोन्ही अर्थ आहेत. कानातल्या या तराजूला तो शब्द अगदी चपखल बसतो.

मात्र या तराजूची एक मर्यादा आहे. कण मागे सरकले एवढेच त्याला कळते. ते डोके मागे कलल्यामुळे सरकले, की वाहनाने पुढे उसळी घेतल्यामुळे, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

आता हातातल्या याच कागदावर एक प्रयोग करा. डोके स्थिर ठेवा आणि पेपर डावी-उजवीकडे भराभर हलवत वाचायचा प्रयत्न करा. अक्षरे पुसट होतात. आता पेपर स्थिर धरा आणि ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तसे डोके तितक्याच वेगाने हलवा. आश्चर्य म्हणजे अक्षरे वाचता येतात! हालचाल तीच, मग फरक का? दुसऱ्या वेळी कानातल्या नळ्यांनी डोळ्यांच्या स्नायूंना परस्पर निरोप दिला, की डोके उजवीकडे चालले आहे, तुम्ही तितकेच डावीकडे वळा. हा निरोप सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात पोचतो. रस्त्याने चालताना समोरची दुकानाची पाटी स्थिर दिसते ती या व्यवस्थेमुळे. ज्यांच्या दोन्ही कानांतले हे यंत्र निकामी होते, त्यांना चालताना सारे जग हिंदकळताना दिसते.

हे सगळे माणसाला कळले केव्हा? फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या कानातल्या या नळ्या कापून पाहिल्या. कबुतरे बहिरी झाली नाहीत, पण गरगर फिरू लागली. १८६१ मध्ये पॅरिसच्या मेनिएर या डॉक्टरने सांगितले, की भोवळ हा दर वेळी मेंदूचा आजार नसतो, तो कानाचाही असू शकतो. पुढे १८७० च्या दशकात एर्न्स्ट माख आणि त्याच वेळी आणखी दोघांनी नळ्यांतल्या द्रवाचे कोडे सोडवले. ज्याच्या नावाने आपण विमानांचा ‘माक’ वेग मोजतो, तोच हा माख. आगगाडी वळणावरून जात असताना बाहेरची घरे-झाडे तिरपी दिसतात, हे त्याच्या लक्षात आले आणि तिथून त्याचा विचार सुरू झाला. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत असत. पाणी गार असले, की रुग्णाला भोवळ येई आणि डोळे एका बाजूला उडत. पाणी जास्त गरम असले, की ते उलट्या बाजूला उडत. कानातला द्रव तापला किंवा थंडावला, की प्रवाही होतो, हे त्यांनी ओळखले. या कामासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

पण कान एकटा काम करत नाही. त्याचे आणखी दोन साथीदार आहेत. एक डोळे आणि दुसरे स्नायू, सांधे व तळपाय. सिद्धेश्वर यात्रेतले सात नंदीध्वज डोळ्यांपुढे आणा. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी तो उंचच उंच ध्वज पेलून चालतो आहे. ध्वजाचे टोक जरा कलले, की कमरेला आणि हातांना ओढ कळते, तळपायावरचा दाब बदलतो, नजर वर टोकाकडे जाते आणि कान सांगतो, की आपले स्वतःचे अंग कुठे झुकते आहे. या तिन्ही खबरी मिळून पाऊल पडते. यात्रेच्या आधी बरेच दिवस सराव चालतो, तो अंगातल्या बळाइतकाच या तीन खबरींचा मेळ जमवण्यासाठीही असतो, असे मला वाटते.

तुमच्या-आमच्या उभे राहण्यातही हीच त्रयी असते. पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. अंग किंचित झुलू लागते. वृद्धांनी हे करताना शेजारी कुणीतरी हवे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांचा एक साथीदार आधीच गळालेला असतो. रात्री लाइट गेली, की दुसराही जातो. मग सारी भिस्त एकट्या कानावर पडते. वयस्क माणसे रात्री बाथरूमला उठताना पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात, त्यामागे अनेकदा हे असते. रात्रभर एक छोटा दिवा जळत ठेवला तर पुढचे मोठे संकट टळू शकते.

तिन्ही खबरी जुळल्या तर आपल्याला काहीच जाणवत नाही. त्या जुळल्या नाहीत, की गोंधळ उडतो. स्टेशनात आपली गाडी उभी असते, शेजारची हलते आणि आपलीच निघाली असे वाटते. हा डोळ्यांचा डाव. घाटात एसटी लागते, तोही असाच प्रकार. आम्ही सोलापूरकर सपाटीवरची माणसे. कोकणात उतरायचे म्हटले, की घाटातल्या पहिल्या चार वळणांतच निम्मी बस खिडकीशी येते! एसटीत पुस्तक वाचत बसलेल्या मुलाचे डोळे सांगतात, की सारे स्थिर आहे. कान सांगतो, की आपण वळतो आहोत, उसळतो आहोत. हा विरोध मेंदूला सोसत नाही आणि पोट ढवळते. मात्र चालकाला गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते. यातला खरा सूत्रधार कानच आहे. ज्यांच्या दोन्ही कानांतले तोलाचे यंत्र बंद पडले आहे, त्यांना गाडीही लागत नाही आणि बोटही लागत नाही.

म्हणून उपाय सोपे आहेत. शक्यतो पुढच्या सीटवर बसावे, वाचन बंद ठेवावे, लांब क्षितिजाकडे बघावे, डोके मागे टेकवून स्थिर ठेवावे. ते जमत नसेल तर डोळे मिटून घ्यावेत. आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा चघळून काहींना बरे वाटते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, प्रवासाच्या आधी घ्यावी आणि ती घेऊन वाहन चालवू नये, कारण तिने झोप येते. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले, तेव्हा त्यांनी तिथे योगासनांचा प्रयोग केला होता. त्यातही हाच प्रश्न होता. अंतराळस्थानकात वजनच जाणवत नाही, कानातले दगड भार टाकत नाहीत, वर-खाली काही उरत नाही आणि चांगल्या कसलेल्या अंतराळवीरांनाही पहिले काही दिवस मळमळते.

गाडी लागली तर एक रुमाल खराब होतो. पण हाच गोंधळ कधीकधी प्राणांवर बेततो. १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून दुबईला निघाले. पुढे काळाकुट्ट समुद्र, क्षितिज दिसत नाही. विमान वळण पूर्ण करून सरळ झाले होते. पण विमान किती कलले आहे हे दाखवणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले आणि विमान अजून उजवीकडे कललेलेच आहे असे दाखवत राहिले. कप्तानाने ते सरळ करण्यासाठी डावीकडे वळवले, आणखी वळवले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले.

तुम्ही म्हणाल, विमान आडवे होत असताना माणसाला ते अंगात कसे जाणवले नाही? आता तुम्हाला याचे उत्तर देता येईल. विमान हवेत वळते, तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि वळणाचे त्वरण मिळून होणारा भार बहुधा सीटच्या दिशेनेच येतो. कानातले दगड सांगतात, की आपण ताठ बसलो आहोत. नळ्यांना सावकाश वळणे कळत नाही आणि लांबलेले वळण त्या विसरतात. डोळ्यांना क्षितिज नाही. उरते ते समोरचे उपकरण, आणि तेच खोटे बोलत होते. म्हणूनच वैमानिकांना शिकवतात, की ढगात आणि अंधारात स्वतःच्या अंगाला विचारू नका, उपकरणे बघा, आणि एका उपकरणावर विसंबू नका, दुसऱ्याशी ताडून बघा.

आता माझ्या मावशीची गोष्ट. तेव्हा वय सत्तरच्या पुढे, पण पहाटे उठून सडा-रांगोळी करणारी ठणठणीत बाई. एका पहाटे तिने उजव्या कुशीवर वळताच सारी खोली गरगर फिरली. ती घाबरून किंचाळली. मिनिटभरात फिरणे थांबले, पण उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग सुरू झाले उपचार. कुणी म्हणाले रक्तदाब, कुणी म्हणाले अशक्तपणा, सलाइन लावा. मानेचा एक्स-रे काढला. मणके झिजले आहेत म्हणून गळ्यात पट्टा आला. सत्तरीत कुणाचे मणके झिजलेले नसतात? चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या. त्यांनी ती दिवसभर पेंगायची, चालताना आणखी झोकांड्या जायच्या. शेजारणीने दृष्टही काढली. दीड वर्ष मावशी आडवी झोपली नाही, आरामखुर्चीत बसून रात्र काढायची. गच्चीवर जाणे बंद, देवळात जाणे बंद, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायचा म्हटले तरी भीती. डब्याकडे वर बघितले, की फिरायचे.

शेवटी तिला कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळ्यांची यादी बाजूला ठेवली आणि विचारले, “आजी, फिरतं ते किती वेळ? आणि काय केल्यावर?” मावशी म्हणाली, “मिनिटभर. कूस बदलली की.” त्यांनी तिला टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवली, झटकन मागे आडवे केले आणि ते तिचे डोळे बघत राहिले. दोन-चार सेकंदांत बुबुळे उडू लागली. “सापडलं,” ते म्हणाले.

काय सापडले होते? वयाबरोबर किंवा डोक्याला मार लागल्यावर कोष्ठातले ते चुन्याचे कण कधीकधी सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. ही जागा त्यांची नव्हे. माणूस आडवा झाला, कुशीवर वळला किंवा त्याने वर बघितले, की कण नळीत घरंगळतात, द्रवाला ओढतात, पडदा वाकतो आणि फिरण्याचा खोटा निरोप जातो. कण तळाशी बसले, की निरोप थांबतो. म्हणून भोवळ मिनिटभरच राहते. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय दाखवला. डोके ठरावीक क्रमाने, ठरावीक कोनांत वळवत नेले, की कण त्या वेटोळ्यातून घरंगळत पुन्हा कोष्ठात येतात. पाटावरवंटा नाही, सुरी नाही, औषध नाही. सुरुवातीला इतर डॉक्टरांचा यावर विश्वासच बसेना. आज ही जगभरातली मान्य पद्धत आहे आणि बहुतेक रुग्णांना एक-दोन वेळांतच उतार पडतो.

मावशीचे काम दहा मिनिटांत झाले. ती टेबलावर उठून बसली आणि विचारू लागली, “गोळी कुठली लिहून देताय?” डॉक्टर म्हणाले, “गोळी नाही.” मावशीला वाटले, बाकी सगळ्यांसारखे यांनीही हात टेकले. त्या रात्री ती दीड वर्षाने अंथरुणावर आडवी झोपली.

म्हणून सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने चक्कर येते म्हटले, तर ‘वयामुळे होतेय’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना तीन गोष्टी विचारा. डोळ्यांपुढे अंधारी येते, की खोली फिरते? किती वेळ फिरते? आणि कूस बदलल्यावर, वर बघितल्यावर, अंथरुणातून उठल्यावरच फिरते का? ही उत्तरे घेऊन डॉक्टरांकडे जा. डोके वळवण्याचा उपाय पहिल्यांदा तरी जाणत्या हातांनीच व्हायला हवा. पण भोवळीबरोबर बोबडी वळली, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, कधी नव्हे इतके डोके दुखले किंवा उभेच राहता येईना, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. अशा वेळी घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. अचानक ऐकू येईनासे झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतरच्या संक्रांतीला मावशी माझ्याबरोबर नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आली. गर्दीत ती माझा दंड धरून उभी होती. पहिला ध्वज समोर आला, तेव्हा तिने मान मागे टाकून त्याचे टोक पाहिले, थोडी थांबली, आणि दुसरा आल्यावर पुन्हा वर पाहिले. सातही ध्वज तिने तसेच पाहिले.